पार्श्वभूमी : मेथोट्रेक्सेट, आमवाताची आठवड्याची गोळी

गुडघ्यांची झीज, गाऊट आणि आमवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार, रुमेटॉइड आर्थ्रायटिस) हे तिन्ही आपल्याकडे ‘संधिवात’ म्हणूनच चालतात. उपचारांचा इतिहास मात्र तिघांचा वेगळा. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) भरून आणणारं औषध आजही नाही. वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, दुखलं तर गोळी घ्या, नाहीच भागलं तर सांधा बदला. गाऊटचं कोडं १९६० च्या दशकात युरिक ॲसिड उतरवणारी गोळी आल्यावर बरंचसं सुटलं. फरपट झाली ती आमवाताच्या रुग्णांची.

१९४८ मध्ये अमेरिकेत अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत नोबेल. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, हे मागाहून ध्यानात आलं. याच जल्लोषात, १९५१ मध्ये, रक्ताच्या कॅन्सरवरच्या एका औषधाने आमवात उतरल्याची नोंद छापून आली आणि मागे पडली. त्याच औषधाचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली थेट १९८८ मध्ये.

तोवरचा शिरस्ता असा : आधी ॲस्पिरिन आणि विश्रांती, मग सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं, आणि जहाल औषधं एक्स-रेत हाड कुरतडलेलं दिसल्यावर. यकृत आणि रक्तपेशींची काळजी रास्तच होती. पण हाडांची हानी बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, म्हणजे सगळी सावधगिरी औषधापुरतीच, आजाराला मोकळं रान. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा क्रम उलटवला गेला. तेव्हा वाद झाला. माझ्या मते हा बदल वीस वर्षं आधीच व्हायला हवा होता.

‘कॅन्सरची गोळी’ ही धास्ती अजून गेलेली नाही. वास्तविक आमवातासाठी मात्रा अगदी कमी, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असं वार घालून लिहितात आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी देतात. गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य.

१९९८ पासून जैविक इंजेक्शनं (सजीव पेशींत बनवलेली, दाह अडवणारी प्रथिनं) आली. ती महाग, शिवाय दबलेला क्षयरोग उसळवणारी. आपल्याकडे छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाल्याखेरीज ती सुरू करत नाहीत. सुरुवात अजूनही बहुधा त्या जुन्या, स्वस्त गोळीनेच होते.