गळतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

जुलैतल्या रात्री हॉलच्या छतातून टपटप सुरू होते. सकाळी गवंडी येतो आणि बरोबर त्या डागाच्या डोक्यावर, गच्चीवर, सिमेंट थापून जातो. आठवड्याने पुन्हा टपटप. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत हे दर पावसाळ्यात घडतं, कारण छतावरचा डाग ही पाणी बाहेर पडण्याची जागा असते. शिरण्याची जागा कित्येकदा चार-पाच मीटर लांब असते.

या इमारतींत स्लॅबवर बहुधा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्याला निदान १:१०० उतार हवा, म्हणजे मीटरमागे एक सेंटीमीटर. कोब्याच्या वरच्या थराला चीर गेली की पाणी आतल्या विटांत मुरतं. वीट पाणी पिते आणि सावकाश सोडते. ते पाणी स्लॅबच्या पाठीवरून सरकत जातं आणि कच्ची जागा सापडली की खाली उतरतं: पंख्याचा हुक, वायरिंगची पाइप, काँक्रीट थांबवून पुन्हा ओतलं तो सांधा. पाऊस उघडून दोन-चार दिवस झाले तरी छत ठिबकतं ते यामुळेच.

म्हणून शोध कडेपासून सुरू करावा. २० मीटर लांबीचा कोबा ३० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो, आणि जूनच्या पहिल्या सरीत झपाट्याने आक्रसतो. कठडा त्याच्याबरोबर तेवढाच हलत नाही, त्यामुळे दोघांच्या कोपऱ्यात भेग पडते. तिथे सिमेंटचा गोलसर भराव असतो, गवंडी त्याला वाटा म्हणतात. वाट्यावर नख ओढून पाहा. केसाएवढी चीर असली तरी नख अडतं, आणि तेवढी चीर पाण्याला पुरते. सोलर हीटर, डिश आणि पत्र्याच्या शेडसाठी कोब्यात ठोकलेले बोल्टही असेच घातक. कठड्यातलं पिंपळाचं रोप नुसतं खुडून भागत नाही, मुळासकट काढावं लागतं.

अचानक उद्भवणाऱ्या गळतीत मात्र पहिला संशय पावसाळी पाइपच्या तोंडावर घ्यावा. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी. तोंडावर सपाट जाळी असेल तर एक प्लास्टिकची पिशवी ते सगळं अडवते. घुमटाकार जाळी बसवा, ती बाजूंनी पाणी घेत राहते. १० सेंटीमीटर पाणी साचलं तर दर चौरस मीटरवर १०० किलो भार येतो. अशा गच्चीसाठी माणसं-सामानाचा भार हिशेबात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला असतो, म्हणजे त्याचा दोन तृतीयांश एकट्या पाण्याने खाल्ला. शिवाय पाणी वाट्याच्या वर चढतं आणि कठड्याच्या प्लास्टरमागून आत शिरतं.

रात्री गळू लागलं तर आधी त्या भागातल्या दिव्या-पंख्यांचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) खाली करा. मग दोघांनी मिळून गच्चीवर जाऊन पाइपचं तोंड मोकळं करावं. वीज कडाडत असेल तर थांबावं. पीओपीचं फॉल्स सीलिंग फुगलं असेल तर बाजूला उभं राहून लांब काठीने छोटं भोक पाडा, खाली बादली ठेवा. पाणी तुंबून राहिलं तर अख्खा तुकडा खाली येतो.

ओल्या कोब्यावर वॉटरप्रूफिंगचा रंग मारून घेऊ नका. आतली वाफ ऊन पडताच वर येते आणि थर फोडासारखा सुटतो. पावसाळ्यात ताडपत्रीच बरी. ती कठड्यावरून बाहेर सोडायची, पाइपचं तोंड मात्र उघडं ठेवायचं.

डागाचा रंग नीट पाहा. पांढरी भुकटी म्हणजे काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतोय. तपकिरी ओघळ त्याहून गंभीर, आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा ठिकाणी काठीने हलकेच ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर खालचा पलंग त्याच दिवशी हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्यावर नुसतं प्लास्टर चढवणं म्हणजे गंजलेल्या सळईवर आणखी वजन टांगणं. सळईच्या मागपर्यंत सैल काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशने गंज घासून, गंजरोधक लावून मगच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल, भरतात.

कायमची दुरुस्ती कोरड्या दिवसांत करावी. चीर इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने भरायची, वाटा नव्याने करायचा, वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे द्यायचे, तेही कठड्यावर ३०० मिलिमीटर चढवून आणि पाइपच्या तोंडात आतपर्यंत उतरवून. नंतर तोंड बंद करून २५ मिलिमीटर पाणी ७२ तास उभं ठेवायचं. शेजारी तेवढंच पाणी भरलेलं पसरट घमेलं ठेवा. गच्चीतलं पाणी घमेल्यातल्यापेक्षा जास्त उतरलं, तर खालचं छत कोरडं दिसलं तरी पाणी कोब्यात मुरतं आहे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता थांबवावा.