संरक्षित सायकलमार्गाची आखणी

संरक्षित सायकलमार्ग म्हणजे शहरातील वाहत्या रस्त्यावर कर्ब (दगडी किंवा काँक्रीटची उंच कड), बोलार्ड (वाहने अडवणारे बुटके खांब), झाडांचा पट्टा किंवा उभ्या गाड्यांची रांग यांनी मोटारींपासून वेगळी काढलेली, फक्त सायकलींसाठीची वाट. नुसता रंगवलेला पट्टा यात मोडत नाही, कारण त्यावर गाडी लावायला काहीच आडवे येत नाही. नव्या वसाहतीत ही जागा नकाशावरच सोडता येते. जुन्या रस्त्यावर इमारती, गटारे, झाडे जागची हलत नाहीत आणि उपलब्ध रुंदी कोणी ना कोणी आधीच वापरत असते. तिथे आखणी म्हणजे मुख्यतः जागेची फेरवाटणी. दोन चौकांमधल्या सरळ तुकड्यात ती जमून जाते; मार्ग फसतो तो चौकात, बसथांब्यावर आणि इमारतींच्या फाटकांपाशी.

रस्त्याची निवड : विरोध टाळण्यासाठी मार्ग मागच्या गल्ल्यांतून वळवण्याचा मोह होतो. पण शाळा, बाजार, स्थानक मुख्य रस्त्यावर असतील तर सायकलस्वार मुख्य रस्त्यानेच जातात आणि गल्लीतला मार्ग ओस पडतो. उलट, ज्या गल्लीत वाहनांचा वेग ताशी ३० किमी.च्या आत आणि वर्दळ दिवसाला दोनेक हजार वाहनांपर्यंत आहे, तिथे वेगळी वाट काढण्याची गरज सहसा नसते. वेग कमी ठेवणारे उंचवटे पुरतात. वेग ताशी ५० किमी. किंवा वर्दळ सहा हजारांच्या पुढे गेली की भौतिक संरक्षण लागतेच. एखादा सुटा मार्ग असून भागत नाही. स्पेनमधील सेव्हिल शहरात २००६ नंतर सुमारे ८० किमी.चे जोडलेले जाळे थोड्याच काळात एकत्र उभारले गेले. दर वर्षी एखादा तुकडा बांधणाऱ्या शहरांपेक्षा तिथे वापर झपाट्याने वाढला.

मोजणी : जुन्या नकाशावरच्या रुंदीवर विसंबू नये. कर्बपासून कर्बपर्यंतचे अंतर दर ५० मीटरला फीत धरून मोजावे. आराखडा सरासरी रुंदीवर नाही, सर्वांत अरुंद जागेवर ठरतो. सोबत खांब, विजेच्या पेट्या, मॅनहोल आणि गटाराच्या जाळ्या टिपून घ्याव्यात. पार्किंगची पाहणी दुपारी व रात्री अशी दोनदा करावी, कारण दुकानांची आणि रहिवाशांची गर्दी वेगवेगळ्या वेळी होते. माल उतरवणारे टेम्पो कुठे, किती वेळ थांबतात याची नोंद बहुधा राहून जाते. पुढे मार्गात सर्वाधिक अडथळा त्यांचाच होतो.

रुंदीचा हिशोब : एकेरी ट्रॅकला, म्हणजे एकाच दिशेच्या सायकलवाटेला, २ मीटर असले की मागचा पुढच्याला ओलांडू शकतो. १.५ मीटर ही अगदी नाइलाजाची, तीही थोड्या लांबीपुरती मर्यादा. दुहेरी ट्रॅकला ३ मीटर हवेत. उभ्या गाड्यांच्या बाजूला सुमारे ०.९ मीटरची मोकळी पट्टी सोडावी, नाहीतर उघडणारे दार थेट सायकलस्वारावर येते. धावत्या वाहनांच्या बाजूला किमान ०.६ मीटर. उभ्या कर्बला पॅडल आपटण्याच्या भीतीने लोक कडेपासून दूर चालवतात आणि कागदावरचे २ मीटर प्रत्यक्षात दीडच उरतात. म्हणून ट्रॅककडची कड बुटकी आणि उतरती ठेवतात.

समजा रस्ता १४ मीटरचा आहे : दोन्ही कडांना २.२५ मीटरचे पार्किंग, मध्ये ४.७५ मीटरच्या दोन लेन. इतक्या रुंद लेनमुळे वाहने जास्त जात नाहीत, फक्त वेगाने जातात. नवी वाटणी अशी बसते : दोन लेन मिळून ६ मीटर, एका बाजूला पार्किंग २.१, त्याच्या आत दाराची पट्टी ०.९, दोन्ही कडांना २ मीटरचा एकेक ट्रॅक आणि दुसऱ्या बाजूची विभाजक पट्टी १ मीटर. पार्किंगची एक रांग जाते. सगळा वाद तिच्यावरच होतो. फूटपाथ कापून ती वाचवणे हा सर्वांत वाईट तोडगा. पादचारी ट्रॅकवर उतरतात आणि दोघांचेही बिघडते. गाड्यांची रांगच आडोसा म्हणून वापरण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या नाइन्थ अव्हेन्यूवर २००७ मध्ये राबवली गेली.

दोन एकेरी ट्रॅकऐवजी एकच दुहेरी ट्रॅक जागा वाचवतो, पण चौकात महाग पडतो. बाजूच्या रस्त्यातून येणारा चालक ज्या दिशेने मोटारी येतात तिकडेच पाहतो; उलट दिशेची सायकल त्याच्या नजरेत येत नाही. कोपनहेगनमध्ये एकेरी, उंच कडेचे ट्रॅक रुळले त्यामागे हेही एक कारण आहे. दुहेरी ट्रॅक शोभतो तो नदीकाठ, रेल्वेमार्ग अशा फाटे कमी असलेल्या बाजूला.

चौक : अरुंद जागी चौकाच्या ३० मीटर आधीच संरक्षण संपवून सायकली मोटारींत सोडल्या जातात. नेमके तिथेच त्याची गरज सर्वाधिक असते. नेदरलँड्समधील रीत वेगळी आहे. कोपऱ्यावर छोटे बेट बांधून मोटारींचे वळण आवळतात, म्हणजे गाडी ताशी १५ किमी.च्या आसपास वेगाने वळते. सायकलींचे ओलांडण, म्हणजे बाजूचा रस्ता पार करण्याची जागा, मुख्य लेनपासून सुमारे ५ मीटर आत घेतात. वळलेली गाडी तेवढ्या जागेत काटकोनात थांबते आणि चालकाला सायकल आरशात शोधावी लागत नाही, काचेतून समोर दिसते. ओलांडणाच्या अलीकडच्या किमान ६ मीटरमध्ये गाडी उभी राहू देऊ नये. तिथे फक्त रंग मारून उपयोग नाही, बोलार्ड किंवा सायकल स्टँड बसवावा.

सिग्नलवर सायकलींना ३ ते ५ सेकंद आधी हिरवा द्यावा. तासाला दीडशेहून अधिक वाहने ट्रॅक कापून वळत असतील तर त्यांचा सिग्नलचा टप्पा वेगळाच काढावा. २५ मीटर रुंद चौक ताशी १५ किमी.ने ओलांडायला सहा सेकंद लागतात, थांबून निघालेल्याला दोनेक जास्त; मोटारींसाठी बसवलेल्या पिवळ्या-लाल वेळेत वयस्कर माणूस मधेच अडकतो.

थांबे आणि फाटके : बसथांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून काढतात. प्रवाशांसाठी सुमारे २.५ मीटरचे बेट हवे. ट्रॅक तिथे फूटपाथाच्या पातळीवर उचलून झेब्रा पट्टे मारले की सायकली हळू होतात. बेट अरुंद राहिले तर रांग ट्रॅकवर येते. फाटकांपाशी ट्रॅकची पातळी मुळीच बदलू नये, चढ-उतार मोटारीने करावा. दर फाटकाला हिंदकळणाऱ्या ट्रॅकला कंटाळून लोक पुन्हा रस्त्यावरून जातात.

दुरुस्त्या आणि निगा : आधी रंग, रबरी कर्ब आणि बोल्टने बसवलेले बोलार्ड वापरून काही महिने चाचणी घ्यावी, मग काँक्रीट ओतावे. ट्रॅकच्या तोंडाशी बोलार्डमधले अंतर १.५ मीटर ठेवले की मोटार शिरत नाही, तीनचाकी मालवाहू सायकल मात्र जाते. मोटारसायकली यानेही अडत नाहीत. त्यांना दंडच लागतो. सलग कर्बमुळे पाणी तुंबते, म्हणून त्यात ठरावीक अंतराने खाचा सोडाव्यात आणि जाळ्यांच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या ठेवाव्यात. झाडणारे यंत्र ट्रॅकपेक्षा रुंद असेल तर काचा, वाळू, पाने साचत राहतात. यंत्राची रुंदी आराखडा पक्का होण्यापूर्वीच विचारून घ्यावी, अन्यथा हाताने झाडण्याची तरतूद निविदेत असावी.