घड्याळ चालू, पट्टा तुटलेला

आमच्याकडे सुई-दोऱ्याच्या डब्यात तीन डिजिटल घड्याळं पडून होती, परवा काढून बघितली तर त्यातली दोन अजून चालू, वेळही जवळपास बरोबर, फक्त पट्टे तुटले म्हणून कोणी घालत नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या, १९८९ साली आलेलं हे घड्याळ आजही विकलं जातं, वजन जेमतेम २१ ग्रॅम आणि सीआर२०१६ च्या एका चपट्या सेलवर साधारण ७ वर्षं चालतं. एवढं टिकणारं यंत्र पट्ट्यापायी डब्यात जाऊन पडतं, आणि तो पट्टा तर घरी बसून बदलता येतो, नीट धूत राहिलं तर बदलायची वेळही बरीच लांबते.

अशा घड्याळांच्या प्लॅस्टिकसारख्या पट्ट्याला ‘रेझिनचा पट्टा’ म्हणतात. रेझिन म्हणजे खरं तर राळ, पण या पट्ट्यात झाडाची राळ वगैरे काही नसते. बहुतेक वेळा ते पॉलियुरेथेन असतं, १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या प्लॅस्टिकच्या घराण्यातलं. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्यात काही तुकडे कडक आणि काही लवचिक, म्हणून पट्टा वाकतोही आणि परत सरळही होतो. गोम या लवचिक तुकड्यांत आहे. ते पॉलिएस्टर जातीचे असतील तर त्यातले बंध पाण्याने तुटतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. पाण्याचा रेणू बंधात शिरतो, साखळीचे दोन भाग होतात, तुटलेल्या एका टोकावर आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढचे बंध तोडायला हातभार लावतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. पावसाळ्यानंतर माळ्यावरचे बूट काढून घातले आणि चार पावलांत सोलचा भुगा झाला, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी हायड्रोलिसिसच पाहिलंय. म्हणूनच न वापरता ठेवलेला पट्टासुद्धा चिकट होतो, मग तडकतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर पाणी वेगळं द्यायलाच लागत नाही.

आता मळ. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जे काळपट कीट बसतं ते म्हणजे घाम, त्वचेचं तेल, मेलेल्या पेशी आणि आंघोळीच्या साबणाचे उरलेले कण, सगळं मिळून. ते ओल धरून ठेवतं, ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखं. आणि सगळ्यात जास्त साचतं कुठे तर भोकांत, बक्कलाखाली आणि कडीच्या आत, नेमकं जिथे पट्टा रोज वाकतो आणि ताण येतो तिथेच. चीर बहुतेक वेळा भोकापासूनच सुरू होते ती यामुळे.

धुवायचं कसं तर पट्टा काढता येत असेल तर काढूनच धुवा, एफ-९१डब्ल्यू सारखी घड्याळं शिंतोडे सहन करतात पण नळाच्या धारेखाली धरून उगाच बटणं दाबू नका. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, बास. लिक्विडच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेलकट कीट सुटून पाण्याबरोबर निघून जातं. टूथपेस्ट लावू नका, त्यात घासणारी पावडर असते, बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा मळ तिथेच बसतो. मग भरपूर पाण्याने खळबळून घ्या, कारण मनगटावर लाल चट्टा उठतो तो बऱ्याचदा पट्ट्याखाली अडकलेल्या घामाने आणि साबणाने असतो. शेवटी सुती कापडाने टिपून सावलीत पूर्ण वाळू द्या. माझ्या मते धुण्यापेक्षा हे वाळवणंच जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच आपण विसरतो.

सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर पट्ट्याला लावू नका, डीट असलेलं डासांचं क्रीम तर नाहीच नाही, ते बऱ्याच प्लॅस्टिकला मऊ करून टाकतं. पांढरा पट्टा पिवळा पडला असेल तर तो घासून जाणार नाही, कारण तो बऱ्याचदा मळ नसतो, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी रेणूच बदललेले असतात. पट्ट्यावर कधी पांढरट पावडर आली तर घाबरू नका, ती कापडाने पुसली जाते आणि त्वचेला काही करत नाही.

आणि चीर पडलीच असेल तर फेविक्विकच्या नादी लागू नका, ते वाळून कडक होतं आणि पट्टा वाकला की शेजारीच परत तुटतो. सरळ नवीन आणा. एफ-९१डब्ल्यूला १८ मिमीचा लागतो, पण जी-शॉकसारख्या घड्याळांचे पट्टे मॉडेलप्रमाणे वेगळ्या आकाराचे असतात, तेव्हा मागच्या झाकणावरचं मॉडेल आणि चौकटीतला आकडा बघूनच घ्या.

पट्टा धरून ठेवते ती स्प्रिंगची पिन, म्हणजे बारीक स्टीलची नळी, आत इवलीशी स्प्रिंग आणि दोन्ही टोकं दाबली की आत जाणारी. चष्म्याच्या किटमधला चपटा स्क्रूड्रायव्हर केस आणि पट्ट्याच्या फटीत घालून टोकाच्या कडेला टेकवा आणि आतल्या बाजूला दाबा. हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा, पिन सटकली की उडते आणि डोळ्यालाही लागू शकते. जुनी पिन गंजलेली निघेल, स्टेनलेस असली तरी घामातल्या मिठाने तिला बारीक खड्डे पडतात, ती परत वापरू नका. बक्कलाचा भाग १२ च्या बाजूला आणि भोकांचा भाग ६ च्या बाजूला येतो, इथे बरेच जण चुकतात. पिनचं दुसरं टोक भोकात बसलं की बारीक टक् असा आवाज येतो, तरी दोन्ही भाग जोरात ओढून बघा, आणि मगच मनगटावर बांधा.