व्ही-१२ जॅग्वार एवढी स्वस्त का मिळते, त्यामागची गोष्ट

बारा सिलेंडरची (म्हणजे व्ही-१२ इंजिनाची) जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीये पण बजेट कमी आहे असं ब्रिटनमधे कुणी म्हटलं की फिरून फिरून एकच नाव येतं, जॅग्वार एक्सजे-एस. आपल्याकडे जॅग्वार म्हटलं की टाटा आठवतात, पण टाटांनी कंपनी घेतली २००८ ला आणि ही गाडी त्याच्या बारा वर्षं आधीच बंद झालेली. माझं मत विचाराल तर कमी पैशात हीच घ्यावी, पण ती स्वस्त का झाली हे माहीत नसेल तर कुठल्या सालची घ्यायची ते कळणार नाही.

सुरुवात इंजिनापासून. साठच्या दशकात जॅग्वारला फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या रेसमधे परत उतरायचं होतं, त्यासाठी ५ लिटरचं चार कॅमशाफ्टवालं (कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व्ही-१२ बनवून एक्सजे१३ नावाच्या गाडीत बसवलं, पण ती गाडी रेसमधे कधी उतरलीच नाही. मग वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी रस्त्यावरच्या गाडीसाठी वेगळं व्ही-१२ उभं केलं, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ५.३ लिटर, दोन्ही बाजूंना एकेकच कॅमशाफ्ट. सहा सिलेंडरची सरळ रांग मुळातच बॅलन्स्ड असते, तशा दोन रांगा ६० अंशांत बसवल्या की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) दर ६० अंश फिरला की एक सिलेंडर पेटतो, त्यामुळे हादरे जवळपास नाहीतच, आणि हा मऊपणा एकदा अनुभवला की माणूस त्याच्या प्रेमातच पडतो. १९७१ ला हे इंजिन जॅग्वारच्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारमधे आलं, १९७२ ला एक्सजे१२ सेडानमधे.

आणि लगेच ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला, ब्रिटनमधे ताशी ५० मैलांची मर्यादा आली. अशा काळात, सप्टेंबर १९७५ ला, लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी एक्सजे-एस बाजारात आली! त्यात लोक तिला ई-टाइपची वारस म्हणून बघत होते, आणि ही निघाली जड, बंद टपाची (अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी तेव्हा भीती होती), मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना उतरते पंख असलेली, जे खूप जणांना आवडले नाहीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे कंपनी तेव्हा ब्रिटिश लेलँड या अनेक गाडी कंपन्यांच्या समूहात होती, जुळणी ढिसाळ, इलेक्ट्रिकलची रड कायमची. १९८० साली वर्षभरात जेमतेम हजार गाड्या बनल्या.

तिला वाचवलं ते स्विस इंजिनियर मायकल मे यांच्या सिलेंडर हेडने (सिलेंडरच्या वरचं झाकण). हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असलं तरी नीट जळावं म्हणून ज्वलनकक्षाचा आकार बदलला, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५ पर्यंत नेलं, आणि १९८१ ला एचई (हाय एफिशियन्सी) मॉडेल आलं, ज्याचं ॲव्हरेज आधीपेक्षा खरंच बरं होतं. १९८४ ला टॉम वॉकिन्शॉच्या टीमने याच गाडीने बेल्जियममधल्या स्पाची २४ तासांची रेस जिंकली. मग विक्री वाढत गेली आणि १९९६ पर्यंत एक लाखाच्या वर गाड्या बनल्या (यात सहा सिलेंडरवाल्याही आल्या).

म्हणजे एकीकडे वाईट नाव आणि दुसरीकडे ढिगाने गाड्या, भाव पडणारच. खरं नुकसान मात्र त्यानंतर झालं, कारण स्वस्त मिळते म्हणून ज्यांनी घेतली त्यातल्या अनेकांना सर्व्हिस परवडत नव्हती. बॉनेट उघडून बघा, इंजिन दिसतच नाही, नुसते पाइप आणि होज. पुढचे दोन स्पार्क प्लग एसीच्या कॉम्प्रेसरखाली दडलेत, म्हणून मागचे बदलायचे आणि ते दोन तसेच सोडायचे असं कित्येक वर्षं चालतं. रेडिएटर गाळाने तुंबतो, इंजिन तापतं, ॲल्युमिनियमच्या हेडमधली व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकते ती कडी) निखळून पडते आणि गाडीच्या किमतीएवढं बिल येतं. इंधनाचे होज उष्णतेने कडक होऊन तडकले तर थेट आग.

पर्याय आहेत. बीएमडब्ल्यू ८५०आय गंजाच्या बाबतीत बरी, पण तिचं इंजिन म्हणजे दोन सहा-सिलेंडरवाली इंजिनं एकत्र, कंट्रोल युनिट दोन, थ्रॉटल दोन, बिघाड शोधतानाच माणूस थकतो. फेरारी ४०० मधे पार्ट फेरारीच्या भावाने घ्यावे लागतात, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेवढा जनरल मोटर्सचा. एक्सजे-एसचे पार्ट सहज मिळतात आणि ती जाणणारे मेकॅनिक अजून आहेत.

म्हणून १९८१ च्या आधीची हौस असेल तरच घ्या. एचई चालेल, फक्त रेडिएटर आणि होज बदलल्याची बिलं बघा, किलोमीटर कमी आहेत याला भुलू नका, उभी राहिलेली गाडी जास्त खराब. परवडत असेल तर १९९३ नंतरची ६ लिटरची सगळ्यात चांगली, त्याच साली मागचे ब्रेक डिफरन्शियलजवळून (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) निघून चाकांत आले, आधीच्या गाडीत त्यांचं काम काढायचं म्हणजे मागचं सस्पेन्शन खाली उतरवायची वेळ येते.