माळ आणि मांडीवरचं बायबल: मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

मुंबईतलं ख्रिस्ती कुटुंब रात्री प्रार्थनेला कसं बसतं, यावरून त्या घरात ही रीत कुठून आली ते बरंचसं ओळखता येतं. हातात माळ असेल तर बहुधा पोर्तुगीजांकडून, मांडीवर बायबल असेल तर अमेरिकन किंवा स्कॉटिश मिशनकडून.

माळेची रीत जुनी. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि इथल्या गावठाणांत जपमाळ रुजली. १८८७ पासून इथल्या ज्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, त्यांची ही घरं. गोव्याकडची मंडळी माळेला ‘तेर्स’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ तिसरा हिस्सा: पूर्ण जपमाळेत पंधरा रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग), त्यातली पाचच घरी रोज म्हणायची. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच रहस्यं दिली. हिशेबाने तो आता चौथा हिस्सा झाला, पण नाव कोण बदलतो?

पाच रहस्यांच्या माळेत ५९ मणी. त्यातले ५३ ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे, ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी उचलायचा. सगळी गोम या अर्ध्यात आहे. कोणी पेंगलं की आवाज पातळ होतो आणि आजीची नजर तिकडे वळते. वाचता येण्याची गरज नसल्यामुळे अक्षरशत्रू आजी आणि चार वर्षांचा नातू इथे सारखेच. प्रत्येक रहस्य वेगळ्याने चालवावं, धाकट्याला पहिलं द्यावं, म्हणजे झोप अनावर व्हायच्या आत त्याची पाळी होऊन जाते. एवढ्याला वीस मिनिटं पुरतात. माळ संपली की लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा. सकाळपासून बापाशी अबोला धरलेल्या मुलालाही तेव्हा त्याच्यापुढे जाऊन उभं राहावंच लागतं. घरं सांधली ती बरीचशी या शेवटच्या अर्ध्या मिनिटाने.

आणखी एक गोष्ट. १९६० च्या दशकापर्यंत चर्चमध्ये मिस्सा (मुख्य उपासना) लॅटिनमध्ये व्हायची. मायबोलीतली प्रार्थना मुख्यतः घरात होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २१ नोव्हेंबर १९६४ रोजी कुटुंबाला ‘घरातलं चर्च’ म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्ट काँग्रेस (कॅथलिकांचा जागतिक मेळावा) भरली. गावठाणातल्या आज्यांना यात नवीन काही वाटायचं कारण नव्हतं.

बायबलची रीत इथे आली ती १८१३ नंतर. त्या वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. विल्सन ज्या परंपरेतले, तिथे १६४७ पासून कौटुंबिक उपासनेचा लेखी नियमच होता: घरच्या कर्त्याने रोज शास्त्र वाचावं, त्यावर बोलणं व्हावं. टाळाटाळ करणाऱ्याला आधी खाजगीत समज, मग चर्चच्या कारभारी मंडळींकडून कानउघाडणी, तरीही न सुधारल्यास प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) बंदी. इथे अडचण वेगळीच होती, वाचणार कोण? मुंबईच्या मिशनऱ्यांचा मराठी नवा करार १८२६ मध्ये आला, पूर्ण बायबल १८४७ मध्ये. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, त्याकडे याही बाजूने पाहायला हवं. मुलगी वाचायला शिकली की उपासना एकट्या कर्त्याच्या हातात राहत नाही.

या उपासनेला मराठी चाल दिली नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची काही वर्षं पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ज्या श्रद्धेपायी आपलंच घर दुभंगलं, तिची भजनं टिळकांनी घरोघरी म्हणता येतील अशी लिहिली. ओवी-अभंग आधीपासून घरातलेच, म्हणून ती तोंडी बसली.

एक भजन, दहा-पंधरा वचनं, मग प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना: पंधरा मिनिटांत हे होतं. ही रीत मोडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. ‘प्रभू, आमच्या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे’ असं मोठ्याने म्हणत बाप देवाच्या आडून मुलाला झापतो. दोनदा असं झालं की मुलगा तिसऱ्या दिवशी क्लासमध्ये उशिरापर्यंत थांबतो.

माळेची रीत मोडते ती शेपटाने. लितानी (एकामागून एक विनवण्यांची लांब प्रार्थना), पाठोपाठ संतांच्या प्रार्थना, मग वारलेल्या प्रत्येक नातेवाइकासाठी वेगळं काही. वीस मिनिटांची पंचेचाळीस होतात. त्यात वेळेचा घोळ. चर्चच्या संध्याकाळच्या घंटेनंतर बसायची पद्धत गिरणीच्या पाळ्यांनी आधीच खिळखिळी केली होती, १९७२ मध्ये दूरदर्शन आलं, आणि आता विरारची लोकल आहेच. जी घरं सातलाच अडून बसली त्यांची प्रार्थना सुटली. ज्यांनी ती शेवटचा माणूस घरी आल्यावर, ताटं वाढायच्या आधी ठेवली, त्यांची बहुधा टिकली. जेवण झाल्यावर कोणी बसत नाही.

ऑक्टोबर मात्र सगळ्यांना गोळा करतो. १८८३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी हा महिना जपमाळेला वाहिला. मुंबईत अनेक ठिकाणी या दिवसांत मरियेची मूर्ती घरोघर फिरते. शेजारी येणार म्हटल्यावर वर्षभर न बसलेलं घरही बसतं. फक्त कोणतं रहस्य कोणी चालवायचं हे आदल्या रात्री ठरवून ठेवावं, नाहीतर ऐनवेळी पाचही आजीच्याच गळ्यात पडतात.