लेआउट बदलला की इनपुट मेथड?

लिनक्सवर ‘घर’ हा शब्द लिहायचाय. इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराची कळ ठरलेला देवनागरी लेआउट, असेल तर शिफ्ट धरून आय, मग जे. झालं. आयट्रान्स, म्हणजे रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवायची पद्धत, असेल तर जी, एच, ए, आर, ए. पण ते दाबताना पडद्याकडे बघा. जी दाबला की ‘ग्’ उमटतो, एच दाबताच त्याचाच ‘घ्’ होतो आणि ए आल्यावर हलन्त जाऊन ‘घ’ उरतो. म्हणजे उमटलेलं अक्षर नंतरच्या कळीने बदललं.

लेआउटला हे जमत नाही, कारण लेआउट म्हणजे नुसता तक्ता: अमुक कळ, शिफ्टसह किंवा शिफ्टविना, अमुक अक्षर. मागे काय दाबलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इनपुट मेथड हा मात्र चालू असलेला प्रोग्रॅम. आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखा प्रोग्रॅम तुमच्या कळा आधी स्वतःकडे घेतो, जुळवतो आणि मगच अ‍ॅपकडे सोडतो.

घोळ होतो तो इनस्क्रिप्ट दोन्हीकडे असल्यामुळे. तक्त्यात सहसा एका जागी एकच अक्षर मावतं आणि युनिकोडमध्ये ‘क्ष’ तर तिघांचा: क, हलन्त, ष. लेआउटमध्ये तो तीन कळांनी लिहा. आयबसच्या एम-सतरा-एन (अनेक भाषांच्या इनपुट मेथड पुरवणाऱ्या) इंजिनातल्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ७ पुरतात.

आता कमांड (टर्मिनलात अर्थातच रोमन लिपीत). लेआउटसाठी ‘सेटएक्सकेबीमॅप’. त्याला नुसतं ‘इन’ (भारतीय लेआउट) सांगून मी एकदा चांगलाच अडकलो: कीबोर्ड देवनागरी झाला, मग परत ‘यूएस’ (रोमन लेआउट) टाइप करणार कसं? वरचा बाण दाबून जुनी कमांड सापडली म्हणून वाचलो. तेव्हापासून ‘यूएस’ आणि ‘इन’ स्वल्पविरामाने जोडून एकदमच देतो, सोबत ऑल्ट-शिफ्टने अदलाबदलीचा ऑप्शन. सध्या काय लागू आहे ते ‘क्वेरी’ ऑप्शन सांगतो.

इनपुट मेथडसाठी ‘आयबस इंजिन’. पुढे काही न लिहिता चालवलं तर चालू इंजिनाचं नाव मिळतं, नाव दिलं तर ते लागू होतं. आयट्रान्सला खाली रोमन लेआउटच हवा. त्याच्याखाली देवनागरी लेआउट ठेवला तर त्याच्या हाती आयतीच देवनागरी अक्षरं येतात आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

एकाच अ‍ॅपमध्ये मराठी उमटत नसेल, बाकी सगळीकडे उमटत असेल, तर लेआउटला हात लावू नका. त्या अ‍ॅपचा आयबसशी संपर्क नाही. अ‍ॅप ज्या लायब्ररींवर बनतात त्या जीटीके आणि क्यूटीचे आयएम (इनपुट मेथड) मॉड्यूल व्हेरिएबल तपासा.

ग्नोम डेस्कटॉपवर, विशेषतः वेलँड या नव्या डिस्प्ले यंत्रणेवर, सेटएक्सकेबीमॅपच्या मागे लागू नका. तिथे ती कमांड फक्त एक्सवेलँडमधून (जुन्या एक्स यंत्रणेची अ‍ॅप वेलँडवर चालवणारा पूल) चालणाऱ्या जुन्या अ‍ॅपपुरती लागू पडते. त्याऐवजी ‘जीसेटिंग्ज’ कमांडने इनपुट सोर्सची यादी वाचा. प्रत्येक नोंद जोडीची असते. जोडीतलं पहिलं नाव एक्सकेबी असेल तर तो लेआउट, आयबस असेल तर ती इनपुट मेथड.