चार हातांचा पियानो आणि दोन पियानो : वादन आणि रेकॉर्डिंग

पियानो ड्युएट म्हणजे एकाच पियानोवर दोघांनी शेजारी शेजारी बसून वाजवायचं, चार हात आणि एक पियानो. आणि टू पियानोज म्हणजे दोन वेगळे पियानो, दोघं समोरासमोर, ज्याच्या त्याच्याकडे आपापल्या 88 पट्ट्या. गाण्यांच्या ॲपवर हे दोन्ही एकाच खणात कोंबलेलं असतं, पण वाजवणाऱ्याला विचारा, एक म्हणजे एका ताटात जेवणं आणि दुसरं म्हणजे एका पंगतीत.

नाशकात कुणालाही हे सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे जुगलबंदी का? तर नाही. जुगलबंदीत पुढच्या क्षणी समोरचा काय काढेल हे माहीत नसतं, तीच तिची मजा, इथे सूर न् सूर आधीच कागदावर लिहिलेला असतो. मला विचाराल तर जवळची उपमा जात्याची आहे. दोघी जणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळतात, एकीने ओढलं की दुसरीने सोडायचं, आणि कुणाचा जोर किती लागला हे पिठावरून कळता कामा नये.

बसतात कसे, वाजवतात कसे

पियानोच्या सगळ्या पट्ट्या मिळून रुंदी साधारण सव्वा मीटर. त्यात दोन मोठी माणसं बसवायची. उजवीकडे बसतो तो प्रिमो, त्याच्याकडे वरचे सूर आणि बहुतेक वेळा चाल, डावीकडचा सेकंडो, त्याच्याकडे खर्ज आणि ठेका. पेडल सहसा सेकंडोच्या पायाखाली, म्हणजे चाल एकाची आणि ती किती लांबवायची, कुठे पुसायची हे दुसऱ्याच्या पायावर अवलंबून. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात अपराइट, म्हणजे कपाटासारख्या उभ्या, पियानोवर दोन मुलींना सराव करताना मी जवळून पाहिलंय. सगळा घोळ मधल्या दोन हातांचा. प्रिमोचा डावा आणि सेकंडोचा उजवा एकाच पट्टीवर येतात, एकीने बोट उचललं नाही तर दुसरीचा सूर वाजतच नाही, कारण पट्टी आधीच खाली दाबलेली. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, एकीने मनगट वर ठेवायचं आणि दुसरीने खालून बोटं घालायची. (तो पियानो पावसाळ्यात फुगतो, पट्ट्या अडकतात, म्हणून खालच्या पोकळीत एक पिवळा बल्ब कायम जळत ठेवलेला असतो.)

दोन पियानोंना ही भानगड नाही पण दुसरी आहे. पियानो एकमेकांच्या कुशीत शिरतील असे उलटसुलट लावतात आणि त्यातल्या एकाचं झाकण काढूनच ठेवतात, नाहीतर ते प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूला उघडतं आणि आवाज मागे जातो. दोन्हींचं ट्युनिंग तंतोतंत जुळलं पाहिजे. आणि कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मैफिलीचा मोठा आडवा पियानो, एकेक पावणेतीन मीटर लांब, वजन कांद्याच्या भाषेत सांगायचं तर पाच क्विंटलच्या आसपास. असे दोन एका स्टेजवर मी तरी नाशकात पाहिलेले नाहीत, आपल्याकडे हा सगळा प्रकार ऐकायचा म्हणजे रेकॉर्डिंगवरच.

रेकॉर्ड यायच्या आधी हीच रेकॉर्ड होती

आता गंमत बघा. एकोणिसाव्या शतकात युरोपात सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, ऐकायची तर ऑर्केस्ट्रा असलेल्या शहरात राहायला हवं आणि त्या दिवशी तो कार्यक्रमही असायला हवा. बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी प्रकाशक प्रत्येक गाजलेल्या सिंफनीची चार हातांची आवृत्ती छापायचे, ती घरी आणायची आणि बहिणीबरोबर, शेजाऱ्याबरोबर बसून वाजवायची. ब्राम्स या जर्मन संगीतकाराने तर स्वतःच्या चारही सिंफन्या स्वतःच एका किंवा दोन पियानोंवरच्या चार हातांसाठी लिहून काढल्या. 1885 मध्ये चौथी सिंफनी नवी होती तेव्हा त्याने आणि त्याचा पियानिस्ट मित्र इग्नाझ ब्र्युल याने ती दोन पियानोंवर मित्रमंडळींना वाजवून दाखवली, आणि समीक्षक हान्स्लिक, जो ब्राम्सच्याच बाजूचा, तो पहिला भाग संपल्यावर म्हणाला की दोन भयंकर हुशार माणसं मला धरून बदडतायत असं वाटलं. ब्राम्सच्या ज्या 'हंगेरियन डान्सेस'ची चाल आपण कार्टूनमध्ये ऐकलेली असते ते 21 नाचही मुळात चार हातांचेच, 1869 आणि 1880 मध्ये छापलेले.

मग ग्रामोफोन आला, रेडिओ आला आणि घरी बसून सिंफनी वाजवायची गरज संपली. ज्या यंत्राने हा घरगुती शौक मारला त्याच यंत्राने नंतर तो जपूनही ठेवला. नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीने सिल्के-थोरा माथीस आणि क्रिस्टियान क्यॉन या जोडीकडून ब्राम्सचं चार हातांचं सगळं संगीत सीडीमागून सीडी करत रेकॉर्ड करून घेतलं, सिंफन्यांसकट. ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड हाताशी असताना हे कशाला ऐकायचं असं वाटेल, पण चौथी सिंफनी अशी ऐकली की मसाला न घातलेली आमटी चाखल्यासारखं होतं, डाळ कशी शिजलीय ते कळतं.

सुरुवातीच्या रेकॉर्डिंगला मात्र वेळेची मारामार होती. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. अशात 1930 च्या दशकात पियानिस्ट आर्थर श्नाबेल आणि त्यांचा मुलगा कार्ल उलरिच यांनी व्हिएन्नाचा संगीतकार शुबर्ट याची मार्चेस वाजवली, ती आटोपशीर असल्याने बसली. पण वीस मिनिटांची एकसलग रचना म्हणजे तीन-चारदा उठून तबकडी उलटायची. 1948 ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली तेव्हा तो त्रास गेला आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी स्टिरिओ आलं तेव्हा दोन पियानोंचं नशीबच उघडलं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

याचा साइड इफेक्ट मी सिटीलिंकच्या बसमध्ये भोगलाय. निमाणीहून नाशिकरोडला जाताना एकच इअरबड कानात (दुसरा कंडक्टरसाठी मोकळा) आणि मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा लावलेला. द्वारकेपर्यंत मला वाटत होतं की हा पियानोवाला मधेच का थांबतोय, प्रश्न विचारून गप्प का बसतोय, आणि मग लक्षात आलं की उत्तर दुसऱ्या कानात चाललंय.

मोझार्ट 448 आणि हुशार बाळं

तो सोनाटा म्हणजे डी मेजर, के. 448 (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). मोझार्टने तो 1781 मध्ये लिहिला, स्वतःसाठी आणि त्याची शिष्या योझेफा आउएर्नहामर हिच्यासाठी. दोघांना अगदी समान काम, एकाने म्हटलेलं वाक्य दुसरा लगेच म्हणतो, कधी अर्ध्यातून तोडून पुरं करतो. लहानपणी मोझार्ट बहीण नानेर्लबरोबर वाजवायचा, 1780 च्या सुमाराचं त्यांचं घरचं चित्र प्रसिद्ध आहे, त्यात दोघा भावंडांचे हात पट्ट्यांवर एकमेकांना ओलांडून गेलेत.

पण या रचनेचं नाव झालं ते भलत्याच कारणाने. 1993 मध्ये नेचर मासिकात रॉशर, शॉ आणि की यांचा छोटासा प्रयोग आला, 36 कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं हाच सोनाटा ऐकवला आणि कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या चाचणीत त्यांचे मार्क थोडे वाढले, तेही दहा-पंधरा मिनिटांपुरते. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी त्यातून मोझार्ट ऐकून बाळं हुशार होतात असा 'मोझार्ट इफेक्ट' निघाला, सीड्या निघाल्या आणि आमच्या ओळखीत एका घरी सातव्या महिन्यापासून पोटाजवळ स्पीकर लावून ठेवला जायचा. बाळ आता सहावीत आहे, गणितात सगळ्यांसारखंच आहे, पण त्या घरात कुणालाही आजतागायत पत्ता नाही की त्यात पियानो दोन होते.

ऐकायचंच तर

1984 मध्ये राडू लुपू आणि मरे पेराया या पियानिस्टांनी इंग्लंडमधल्या स्नेप माल्टिंग्जमध्ये (बार्लीचं माल्ट करायची जुनी इमारत, तिचा हॉल केलाय) हाच 448 आणि शुबर्टची एफ मायनर फँटसी रेकॉर्ड केली. माझ्या मते एकच काही घ्यायचं तर हे. फँटसी, शुबर्टच्या यादीतली डी. 940, शुबर्टने 1828 मध्ये लिहिली, त्याच वर्षी नोव्हेंबरात तो 31 व्या वर्षी गेला. अर्पण केलीय कारोलिने एस्टरहाझीला, जिला तो पूर्वी शिकवायचा. सुरुवातीला सेकंडो नुसती हलकी झुळझुळ चालू ठेवतो आणि वर प्रिमो एक छोटीशी चाल म्हणतो, अडखळत, दाराशी येऊन परत फिरल्यासारखी. मधे बरंच वादळ होतं, ती चाल परत येते, मग फ्यूग, म्हणजे एकच चाल एकामागून एक आवाज उचलत जातात तो प्रकार, सुरू होतो, चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. शांतता. आणि पुन्हा तीच चाल. लुपू-पेराया ती शांतता इतकी ताणतात की मोबाइलचं नेट गेलं असं वाटून मी एकदा स्क्रीन बघितलाय. याच फँटसीचं संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि पियानिस्ट रिख्टर यांचं इंग्लंडमधल्या आल्डबरा महोत्सवातलं लाइव्ह रेकॉर्डिंगही आहे, 1960 च्या दशकातलं, त्यात खोकल्यासकट सगळं ऐकू येतं आणि दोघं जास्त धोका पत्करतात. पियानिस्ट एमिल गिलेल्स आणि त्यांची मुलगी एलेना यांचंही आहे.

जोर हवा असेल तर मार्था आर्गेरिच आणि नेल्सन फ्रेअरी यांची 1982 ची दोन पियानोंची रेकॉर्ड. रख्मानिनॉवचा दुसरा स्वीट, रावेलचं 'ला वाल्स' आणि लुटोस्लाव्स्कीची पागानिनीच्या चालीवरची व्हेरिएशन्स. ही शेवटची रचना 1941 ची, जर्मन ताब्यातल्या वॉर्सातली. तिथे मैफिलींवर बंदी, म्हणून लुटोस्लाव्स्की आणि पानुफनिक हे दोन तरुण संगीतकार पोटासाठी कॅफेत दोन पियानो वाजवायचे, त्यासाठी त्यांनी ढीगभर रचना बसवल्या होत्या आणि 1944 च्या उठावात बाकी सगळ्या गेल्या, ही वाचली. पाच-साडेपाच मिनिटांची आहे, आधी गोष्ट माहीत नसली तरी चालते.

फ्रान्सच्या लाबेक बहिणी, कातिया आणि मारिएल, यांनी 1980 च्या सुमारास गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' दोन पियानोंवर केली आणि ती तुफान खपली. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांबरोबर त्यांचं सें-साँचं 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स' आहे, त्यात प्राण्यांच्या यादीत एक प्राणी 'पियानिस्ट' म्हणून आहे जो नुसत्या स्केल घोटत बसतो, क्लासला जाणाऱ्या पोरांना हे आवर्जून ऐकवावं. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' आंद्स्नेस आणि हामलँ यांचं, पण स्पीकरवर, शेजारी दुपारचे झोपलेले नसताना.

नाशकात वाजवायचं म्हटलं तर

इथे बहुतेक मुलं कीबोर्डवर शिकतात, 61 पट्ट्यांच्या. त्यावर दोघं बसले तर खर्ज संपतो, म्हणून क्लासवाले दोन कीबोर्ड शेजारी मांडून काम भागवतात. गंगापूर रोडच्या एका कार्यक्रमात एका कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण आधीच्या गाण्यासाठी एक घर वर केलेलं होतं ते तसंच राहिलं, आणि 448 ची सुरुवात एकाच वेळी दोन वेगवेगळ्या स्केलमध्ये झाली. दोन्ही मुलं न थांबता पानभर वाजवत गेली, पालकांनी टाळ्याही वाजवल्या.

नोटेशन फुकट मिळतं, मोझार्ट-शुबर्ट कधीच कॉपीराइटमुक्त झालेत. एकच सांगतो, ड्युएटच्या छापील वहीत डाव्या पानावर सेकंडो आणि उजव्या पानावर प्रिमो असतो, दोघं एकाच वेळी आपापलं पान वाचतात. कॉलेज रोडला झेरॉक्सवाल्याला पीडीएफ दिली की तो कागद वाचवायला पाठपोट काढतो आणि सेकंडोच्या पाठीवर प्रिमो येतो. त्याला आधीच बजावून ठेवायचं, पहिल्या कागदाची पुढची बाजू कोरी सोड, सेकंडो मागच्या बाजूपासून चालू कर. तो म्हणेल, कोऱ्या पानाचे पण पैसे लागतील. द्यायचे.